कानात राहायला आलेली म्हातारी

डोळ्यांना देवानं पापण्या दिल्या, कानांना दिल्या नाहीत. कानावाटे आत आलेलं माणूस मग सहजासहजी बाहेर जात नाही.

दुभाषीताईंच्या कानात अशीच एक म्हातारी राहायला आली होती. कामाचं आमिष दाखवून मुलींना सीमेपार विकणारी टोळी पकडायला दोन देशांच्या पोलिसांनी एक पथक उभारलं होतं. टोळीच्या म्होरक्याचा फोन ते ऐकत. तो आईशी डोंगराकडच्या बोलीत बोले, आणि ती बोली पथकात एकट्या ताईंना येई. स्वतःची आई गेल्यापासून त्यांच्याशी त्या बोलीत बोलणारं कुणी उरलं नव्हतं.

"मेल्या, घसा बसलाय तुझा. मफलर घाल."

"आई, चाळिशी उलटली माझी."

"म्हणून थंडी तुला अहो-जाहो करणार आहे?"

ताई एकट्याच हसत आणि कागदावर लिहीत, 'घरगुती बोलणं.'

एके दिवशी मुलींनी भरलेली गाडी निघाल्याची खबर आली. ती कुठे दडवली ते फक्त म्होरक्याला ठाऊक, आणि म्होरक्याचाच पत्ता नाही. तेवढ्यात म्हातारीचा फोन. "उद्या सरकारी दवाखान्यात डोळ्याचं ऑपरेशन आहे. सही तुझीच लागेल रे."

"येतो. पण तासभरच."

पलीकडच्या देशाच्या साहेबांनी विचारलं, "काय म्हणतेय आई?"

घरगुती बोलणं, एवढं म्हटलं असतं तरी चाललं असतं. पडताळणार कोण? सांगितलं तर मुली सुटतील आणि हा आवाज कायमचा जाईल. ताईंनी देवाचं नाव घेतलं.

"सांगते. पण सही झाल्यावरच धरा त्याला."

दुसऱ्या दिवशी तसंच झालं. संध्याकाळपर्यंत मुलीही सापडल्या. खोलीत टाळ्या वाजल्या. मग साहेब अवघडून म्हणाले, "ताई, अटकेची खबर घरच्यांना द्यावी लागते. तुम्हीच..."

ताईंनी फोन लावला.

"कोण गं? डोळ्यावर पट्टी आहे माझ्या."

म्हातारीचे गुडघे, तिची भांडखोर शेजारीण, सगळं ताईंना माहीत होतं. तिला मात्र ताई कोण हे ठाऊक नव्हतं.

"मावशी, तुमच्या मुलाला पोलिसांनी धरलंय."

"तो इथं येणार हे कुणी सांगितलं त्यांना?"

"मी."

"का गं बाई?"

"त्याच्या ताब्यात मुली होत्या, मावशी."

"कुठल्या मुली?"

ताईंनी सगळं सांगितलं.

"सुटल्या त्या?"

"सुटल्या."

"बरं झालं," म्हातारी म्हणाली. "आता ठेव. आणि परत फोन करू नकोस मला."

"बरं," ताई म्हणाल्या. पण हात खाली येईना. शेवटी पलीकडूनच फोन बंद झाला.