शिंपीणबाईंच्या हाती आलेला ट्रक

शिंपीणबाईंचा नवरा जन्मभर ट्रक चालवून निवृत्त झाला आणि दिवसभर त्यांच्या कामात लुडबुड करू लागला. त्यामुळे एक दिवस त्याने भंगारातून जुनाट ट्रकचा सांगाडा ओढून आणला, तेव्हा बाईंना हायसंच वाटलं. मग त्यांनी सांगाडा नीट पाहिला.

"अहो, याला तोंड कुठाय?"

"मिळेल."

तोंड मिळालं, पण भलत्याच ट्रकचं. एक दार हिरवं, दुसरं पिवळं. पिवळं तर लागता लागता अर्ध्या बोटाने राहायचं. नवरा त्याला खांद्याने ढकलायचा, लाथ घालायचा, पण दार काही ऐकेना. आठवडाभर मशीनवरून हे पाहिल्यावर बाईंच्याने राहवेना.

"बाही आहे असं समजा. आधी वरची बिजागरी बसवा, खालची मग."

"ट्रक म्हणजे झबलं नव्हे," नवरा म्हणाला. त्या आत गेल्या, तसा त्याने गुपचूप पाना घेतला. दार खटकन लागलं.

"आपोआप बसलं," त्याने संध्याकाळी सांगितलं.

"बसणारच," बाई म्हणाल्या.

दुसऱ्या दिवसापासून त्याही गळ्यात टेप अडकवून भंगारात जाऊ लागल्या. बाई येताना दिसल्या की भंगारवाला आधीच बाह्या सरसावायचा, कारण त्या अख्खा ढीग उलटापालटा करायला लावत. क्लच त्यांनीच शोधला, चांगला दणकट, मोठ्या ट्रकचा.

अखेर इंजिन खोकलं, शेजाऱ्यांच्या वाळत घातलेल्या चादरींवर काजळी उडाली आणि ट्रक सुरू झाला. नवऱ्याने ऐटीत क्लचवर पाय ठेवला. क्लच तसूभरही हलेना.

"गंजलाय वाटतं."

"क्लच की गुडघा? सरका बघू तिकडे."

मशीनचं पायडल मारून मारून कसलेला पाय होता तो. क्लच लोण्यात सुरी जावी तसा खाली गेला. नवरा गिअर सांगत गेला, बाई टाकत गेल्या आणि ट्रक आचके देत मागच्या मोकळ्या मैदानात निघाला.

नवरा आयुष्यात प्रथमच ड्रायव्हरच्या शेजारी बसला होता. दोन्ही हातांनी दार धरून तो "हळू... खड्डा... अगं, वळव" म्हणत राहिला. आपल्या बाजूला नसलेला ब्रेक पायाने दाबत राहिला. एक फेरी पुरी होऊन ट्रक थांबला, तेव्हा तो घामाने निथळत खाली उतरला.

"कशी चालवली?" बाईंनी विचारलं.

"गाडी चांगली आहे," तो म्हणाला.

"मग मी आणखी एक चक्कर मारून येते. तुम्ही तेवढे कांदे चिरून ठेवा."