सतरा नंबरचा व्हॉल्व्ह

"बसा हो शेवंतीबाई, इथं इन्स्पेक्शन नाही तुमचं," साळवेसाहेब तिसऱ्यांदा म्हणाले, तेव्हा कुठे शेवंतीबाई खोक्यांमधून वाट काढत सोफ्याच्या कडेला टेकल्या.

मुलुंडच्या त्या घरातलं निम्मं सामान खोक्यांत गेलं होतं. इमारत पाडून नवी उभी राहायची होती आणि तोवर साहेब परभणीला लेकीकडे राहणार होते. रविवारी निघायचं होतं. अठ्ठ्याहत्तर वर्षांचा माणूस, पुन्हा मुंबईत येईल न येईल. ही बातमी कानावर आल्यापासून शेवंतीबाईंना झोप नव्हती. शेवटी आज, शुक्रवारी, सकाळची पूजा आटोपून त्या विक्रोळीहून बस धरून आल्या होत्या. विचारायचं एवढंच होतं, की बावीस वर्षांपूर्वी वर आकाशात जे फुटलं, ते आपल्यामुळे फुटलं का.

"काकू, पोहे केलेत. कांदा चालतो ना?" साहेबांची सून माधुरी चिकटपट्टीचं रीळ मनगटात अडकवूनच बाहेर आली.

"आज नको गं. उपास आहे."

"मग केळं घ्या. आमच्या शेजारच्या बाई केळ्यांवर सबंध श्रावण काढतात."

"आणि पित्तावर भाद्रपद," साहेब म्हणाले.

शेवंतीबाई हसल्या. साहेब थट्टा करतात हे त्यांना आजच कळत होतं. कंपनीत त्यांनी कधी केली नव्हती.

त्या मूळच्या कॅन्टीनमधल्या. भांडी घासायला लागल्या होत्या. भांड्यांचा लखलखाट पाहून कोणीतरी त्यांना धुलाई विभागात नेलं. तिथे रॉकेटच्या इंजिनाचे व्हॉल्व्ह यायचे. तीनदा धुवायचे, नायट्रोजनच्या झोतानं सुकवायचे, भिंगाखाली न्याहाळायचे, तोंडाला झाकण लावून पिशवीत सील करायचे. आत कापसाचा तंतूसुद्धा राहता कामा नये. साळवेसाहेब तिथले तपासनीस. त्यांची सही झाल्याशिवाय पिशवी बंद व्हायची नाही. त्या खोलीत बांगडी नाही, फूल नाही, कपाळाला कुंकू नाही. सोनूबाई एकदा गजरा काढायला विसरून आत आली, तर साहेबांनी तिला अर्ध्या दिवसाची रजा टाकायला लावली होती.

"सोनूबाई अजून शिव्या घालते तुम्हाला," शेवंतीबाई म्हणाल्या.

"घालू दे. गजरा मोगऱ्याचा होता. बरा वास होता."

माधुरी आत गेली. शेवंतीबाईंनी चहाची कपबशी खाली ठेवली.

"साहेब, एक विचारायचंय. रागावू नका."

"रिटायर झालो मी. रागावण्याचं काम गेलं."

"सतरा नंबर आठवतो तुम्हाला?"

साहेबांचा चहा ओठांशीच थांबला. "रॉकेटच्या वरच्या टप्प्याचा?"

"तोच. खंडेनवमीच्या दिवशी पूर्ण झाला होता. बाहेर सगळ्या मशिनींची पूजा झाली. लेथला, ड्रिलला, अगदी हातगाडीलासुद्धा हळदकुंकू लागलं. मी हात धुऊन आत आले, तर हा टेबलावर. मला वाटलं, जो इतक्या लांब निघालाय, त्याचंच कपाळ मोकळं. म्हणून..." त्यांचा आवाज आणखी खाली गेला. "कागदाच्या पुडीत थोडं कुंकू होतं कनवटीला. एक बोट टेकवलं. लगेच पुसलंही. पण पुसताना पाहिलं, तोंडावरचं झाकण लावायचं राहिलं होतं."

साहेबांनी कप खाली ठेवला. "कुठे टेकवलं?"

"वरच्या अंगाला. नंबराशेजारी."

"झाकण किती वेळ उघडं होतं?"

"एक नमस्कार करायला लागतो तेवढा."

"भिंगाखाली पाहिलंत पुन्हा?"

"दोनदा. काही दिसलं नाही. पण कुंकू किती बारीक असतं, साहेब. चाळून घेतलेलं."

पुढचं त्यांनी थांबत थांबत सांगितलं. रॉकेट गेलं, उपग्रह जागेवर बसला, कॅन्टीनमध्ये पेढे वाटले. जरा जीव भांड्यात पडला. आणि तिसऱ्या वर्षी कोणीतरी पेपरचं कात्रण घेऊन आलं. उपग्रह सोडून मोकळा झालेला तो वरचा टप्पा अवकाशात फुटला होता. मोजता येण्याजोगे तीनशे दहा तुकडे. दुसऱ्या दिवसापासून शेवंतीबाईंनी रोजच्या एका माळेच्या तीन केल्या. तीन माळांचे तीनशे चोवीस मणी. एकेका तुकड्यासाठी एकेक नाम, आणि वरचे चौदा जे कुणाला दिसले नाहीत त्यांच्यासाठी. घरात विचारलं, तेव्हा सर्वेशच्या बारावीसाठी म्हणून सांगितलं. सर्वेश आता चाळिशीला आला. माळा चालूच होत्या.

"बावीस वर्षं," साहेब म्हणाले. "आणि मला एकदाही विचारलं नाहीत?"

"तुम्ही गजऱ्याला अर्धा दिवस कापलात. कुंकवाला काय केलं असतं?"

"घरी पाठवलं असतं," साहेब प्रामाणिकपणे म्हणाले.

"मग?"

आतून चिकटपट्टी ओढल्याचा कर्रकन आवाज आला. साहेब थोडे पुढे सरकून बसले. नव्या मुलांना काम समजावताना बसायचे तसे.

"ऐका. उपग्रह सोडला की वरच्या टप्प्याचं काम संपतं. पण तो जात नाही कुठे. तिथेच फिरत राहतो. टाक्यांच्या तळाशी थोडं उरलेलं असतं. एका टाकीत इंधन, दुसरीत त्याला जाळणारं द्रव. ही दोन भेटली की काडी ओढावी लागत नाही. दीड तासात एक फेरी, म्हणजे दीड तासात एकदा ऊन, एकदा सावली. तापायचं, गारठायचं. तीन वर्षं असंच. कधीतरी दोघांच्या मधला पडदा चिरतो."

"उन्हात राहिलेल्या लायटरसारखं."

"तसंच. मग तुकडे होतात. आधी एका घोळक्यात असतात, मग पांगत पांगत पृथ्वीभोवती त्यांचं कडं होतं. वेग सेकंदाला सात-साडेसात किलोमीटर. त्यातला बोल्टएवढा एक जरी दुसऱ्या कशावर आदळला, तर त्याचेही तुकडे. मग ते आणखी कशावर."

"म्हणजे वाढतच जातं."

"वाढू शकतं."

शेवंतीबाईंनी मान खाली घातली. "हेच वाटायचं मला. एकदा घडून संपलं असं नाही ते."

"थांबा. व्हॉल्व्हवर या." साहेबांचा आवाज धुलाईच्या खोलीतल्यासारखा कडक झाला. "फुटल्यानंतर चौकशीची बैठक झाली, तिथे मी होतो. मागच्या खुर्चीवर. इंजिन बंद व्हायच्या क्षणी तुमचा व्हॉल्व्ह बंद झाला. वेळेवर. नंतर संपर्क होता तोवर टाकीतला दाब तीळभर उतरला नव्हता. तो कागद मी या डोळ्यांनी पाहिलाय. आत कुंकवाचा कण अडकला असता, तर तो असा बसला नसता. गळला असता."

"गळला नाही?"

"एक थेंब नाही."

शेवंतीबाईंनी मान वर केली. मग म्हणाल्या, "मग फुटलं कशानं?"

साहेबांनी चष्मा काढला, पुसला, पुन्हा घातला.

"गळला नाही म्हणूनच, शेवंतीबाई. उरलेलं आतल्या आत राहिलं. गळका असता, तर टाकी हळूहळू आपोआप रिकामी झाली असती, आणि कदाचित फुटायला काही उरलंच नसतं. आता काम संपलं की मुद्दाम सगळे व्हॉल्व्ह उघडतात, असेल नसेल ते बाहेर सोडून देतात. तेव्हा तसं कुणी ठरवलंच नव्हतं. त्याला बंद राहा म्हणून सांगितलं होतं. तो राहिला."

शेवंतीबाईंना हसावं की रडावं कळेना. बावीस वर्षं ज्या कामाची त्यांना भीती वाटत आली होती, ते त्यांच्या हातचं सगळ्यात चोख काम होतं. त्यांनी डोळ्यांना पदर लावला.

"आणि खरं सांगायचं तर," साहेब खिडकीकडे बघत म्हणाले, "माझ्या मनात तेव्हा आलं होतं. उरलेल्याचं काय होतं? मी वर चिठ्ठी लिहिली. उत्तर आलं, हा तुमच्या विभागाचा विषय नाही. मी पुन्हा लिहिलं नाही. सही माझी होती. तुमची कुठेच नव्हती."

"मग तुम्ही काय केलंत? इतकी वर्षं?"

"काय करणार? आमच्यात माळ नसते."

"काही नाही काय, पप्पा!" माधुरी दारात उभी होती. "काकू, रोज सकाळी कॉम्प्युटर उघडून बसतात. पेपरच्या आधी. कसली तरी आकड्यांची यादी असते, ती वरपासून खालपर्यंत बघतात. आम्हाला वाटायचं, शेअर मार्केट. कॉम्प्युटर पॅक करू देत नाहीयेत मला."

साहेब ओशाळले. "वरच्या तुकड्यांची यादी असते. कोण किती खाली आला. बरेचसे हवेत शिरून जळाले. एकसष्ट उरलेत. गेल्या महिन्यात बासष्ट होते."

"एकसष्ट," शेवंतीबाई म्हणाल्या. "मग आता एक माळ पुरेल."

"अहो, आता कशाला? तुमची चूक नाही म्हणून सांगितलं ना?"

"चुकीसाठी नाही, साहेब. वर आहेत ना अजून. कुणाला लागू नयेत."

साहेबांची नजर शोकेसकडे गेली. बुद्धाची मूर्ती तेवढी शोकेसमध्ये राहिली होती. तिच्यासाठी माधुरी जुन्या चादरीची घडी करत होती.

"सतरा नंबर असेल त्या एकसष्टांत?"

"सांगता येत नाही. पत्र्यासारखे हलके तुकडे लवकर खाली येतात. जड असतात ते राहतात. व्हॉल्व्ह जड."

"म्हणजे असू शकेल."

"असू शकेल."

"बंदच असेल ना?"

साहेब सही करण्याआधी थांबायचे तसे थांबले.

"बंदच असेल," ते म्हणाले.

निघताना साहेब उठले. माधुरी नको नको म्हणत असतानाही कठड्याला धरत दोन जिने उतरून फाटकापर्यंत आले. बसथांबा समोरच होता. शेवंतीबाईंचा फोन वाजला. धाकूंचा. शेवंतीबाईंचे हे यजमान फोनवर नेहमी समुद्रापलीकडच्याशी बोलावं तसे बोलत.

"खंय हस गो? सायब काय म्हणाले?"

"काम चांगलां झालेलां, म्हणाले."

"कसलां काम?"

"घराक इलंय की सांगतंय. सगळां सांगतंय."

त्यांनी फोन पिशवीत टाकला.  दोघं थांब्यावर जाऊन रस्त्याकडे बघत उभे राहिले. दुपारची वेळ, थांब्यावर आणखी कुणी नव्हतं. बस येताना दिसली, पण तिचा वेग कमी होईना. साळवेसाहेब थांब्यावरून एक पाऊल खाली उतरले आणि त्यांनी हात आडवा धरून ती थांबवली.