पुसण्याआधीचा प्रश्न

मित्रांनो, मी एक जुनी स्क्रिप्ट, म्हणजे छोटासा प्रोग्राम आहे. संगणकातला झाडू म्हणा हवे तर. मला एका ताईने लिहिले. ताई प्रोग्राम लिहिते. तिच्या प्रत्येक प्रकल्पात एका ठरावीक नावाचा फोल्डर असतो. त्यात दुसऱ्यांनी लिहिलेला तयार कोड असतो, म्हणजे सगळे उसने सामान. काम संपले की तो नुसती जागा अडवतो, आणि हवा तेव्हा इंटरनेटवरून जसाच्या तसा परत उतरवता येतो. म्हणून त्याचा बॅकअपही कुणी घेत नाही. असे फोल्डर शोधून पुसणे हे माझे काम. त्यासाठी मला कुणाची मदत लागत नाही. माझा सगळा संसार एकाच फाइलीत आहे.

पूर्वी मी प्रत्येक फोल्डरपाशी थांबून विचारत असे, "पुसू का?" ताईचा धाकटा भाऊ वैतागला. "किती भोचक गं ही! पुसायलाच ठेवलीयेस ना हिला?" ताई हसली आणि तिने प्रश्नाची ती ओळ काढून टाकली. मग काय, मी वाऱ्यासारखी धावू लागले. ताईच्या ऑफिसातल्या सगळ्यांनी मला मागून नेले. कौतुकाने मी अगदी फुगून गेले होते.

त्याच सुमारास ताईच्या बाबांच्या घशाची शस्त्रक्रिया ठरली. नंतर आवाज राहणार नव्हता. भावाने आधीच त्यांना समोर बसवून ढीगभर वाक्ये ताईच्या संगणकात ध्वनिमुद्रित करून घेतली. बाबांनी टाइप करायचे आणि यंत्राने त्यांच्या आवाजात बोलायचे, असा प्रोग्राम त्याने केला. तयार कोडमध्ये एका परक्या माणसाचा आवाज होता. भावाने घाईघाईत त्या उसन्या फोल्डरमध्येच शिरून त्याच्या जागी बाबांच्या आवाजाच्या मूळ फाइलीच ठेवल्या; दुसरी प्रत कुठे केली नाही. "नंतर नीट हलवतो," म्हणाला. पण प्रोग्राम छान चालला, आणि ते राहूनच गेले. शस्त्रक्रियेनंतरही घरात बाबांचे रागावणे, चिडवणे पूर्वीसारखे ऐकू येत राहिले.

एके दुपारी संगणकात जागा उरली नाही. ताईने मला चालवले. मी नाव पाहिले आणि पुसले. नावापलीकडचे मला काही वाचता येत नाही.

त्या फोल्डरशिवाय बाबांचा प्रोग्राम चालेना, म्हणून ताईने तो लगेच परत उतरवला. संध्याकाळी बाबांनी टाइप केले, आणि खोलीत तो परका माणूस बोलू लागला. भावाने फोल्डर उघडून पाहिला; बाबांचा आवाज त्यात नव्हता. ताईने तोंडावर हात दाबला. पुसलेल्या फाइली परत मिळवायला खूप धडपडले, पण परत आलेले सामान डिस्कवर नेमके त्यांच्याच जागेवर बसले होते; त्या कायमच्या गेल्या. बाबांनी दोघांकडे पाहिले आणि एकेक अक्षर दाबले. परका माणूस म्हणाला, "रडू नका रे. मीच बोलतोय."

ताईने ती ओळ मला परत दिली आहे. आता मी विचारते, "पुसू का?" ती बराच वेळ पडद्याकडे बघते आणि "नाही" म्हणते.

मित्रांनो, जिवापाड जपायची गोष्ट उसन्या सामानात ठेवू नका. आणि थांबून विचारणाऱ्याला भोचक म्हणू नका. काळीज नसले तरी मला फार वाईट वाटते. बाबा आता फारसे टाइप करत नाहीत. मान हलवून भागवतात.