मुंडीचा वाटा

इटलीत डुकराच्या मांसाबरोबर सफरचंद शिजवतात.

लालासाहेबांच्या तोंडात खालचे दोन दात उरले होते, तेही शेजारी-शेजारी नव्हते.

घरच्या चुलीवर रानडुक्कर शिजत नाही. रानात, बांधावर, पुरुषांनीच शिजवायचं.

गोऱ्या साहेबांच्या मेसमध्ये कांदे चिरणारा माणूस फौजी का?

हे सगळं १९४६ च्या माघात, कराडजवळच्या एका उसाच्या फडात एकत्र आलं.

लालासाहेबांनी गावभर सांगून ठेवलं होतं की पोरगा इटलीत लढाईवर बंदूक चालवतो. अर्जुना परतला आणि आल्या दिवशीच म्हणाला, "आबा, मी तिथं सैपाकी होतो." त्या दिवसापासून बाप त्याच्याशी बोलेना. काही सांगायचं झालं तर ते अर्जुनाच्या आईकडून, भामाबाईकडून. अर्जुनाला एवढंच हवं होतं: बापानं आपल्या हातचं एकदा खावं. पण घरात पुरुष चुलीपुढं कसा बसणार?

मग ऊस तोडताना त्यांच्या फडातून रानडुक्कर निघालं, ते भावकीनं मारलं.

"आरं, बरगडीचं एवढं थोरलं तुकडं?" चुलतभाऊ गुंडा म्हणाला. "बारीक कर की."

"हाडासकटच ठेवायचं. रातभर मिठाच्या पाण्यात हुतं."

"मांसाला आंगूळ घातलीस व्हय रं!"

अर्जुनानं तुकडे पुसून कोरडे केले, लसूण आणि कुटलेली मिरी चोळली. घरचा तवा मिळणार नव्हता, म्हणून फुटक्या काहिलीचा पत्रा तापवला. चरबी चरचरली. दोन्ही अंगं लाल झाल्यावर त्यानं विस्तव बाहेर ओढून कमी केला आणि वर पातेलं पालथं घातलं.

"लावू नगंस हात. निवांत मुरू दे."

सोबत काय? सफरचंद कुठलं. कवठ होतं, ते गुळात कालवलं. रताळी राखेत पुरली. गुंडाला खर्डा हवाच होता, तोही ठेचला. भाकऱ्या भामाबाईनं पाठवल्या होत्या. दुसऱ्या चुलीवर, रीतीप्रमाणं, डुकराच्या मुंडीचा रस्सा रटरटत होता.

भावकी बसली. अर्जुनानं सगळ्यात मऊ बरगडी बापाच्या पत्रावळीवर ठेवली.

भाकरी मोडणारे हात थांबले.

"आरं गड्या," गुंडा हळूच म्हणाला, "रान आबांचं. मुंडीचा वाटा त्यांचा. बरगडी बाकीच्यांना."

लालासाहेबांनी पत्रावळ पुढं सारली. "मान कुणाला द्यायचा, ते मेसात शिकवत न्हाईत वाटतं."

तुम्हाला मुंडी चावता येणार नाही, म्हणून बरगडी दिली. हे भावकीपुढं बोलता येत नव्हतं. "चुकलं, आबा," एवढंच म्हणून अर्जुनानं बरगडी उचलून घेतली आणि मुंडीतलं जबड्याचं मांस वाढलं.

बाकीच्यांच्या बोटांत मांस हाडावरून आपोआप सुटत होतं. गुंडा डोळे मिटून खात होता. लालासाहेबांनी घास या गालातून त्या गालात फिरवला, फिरवला, आणि कुणाचं लक्ष नाही असं पाहून पत्रावळीखाली सारला.

अर्जुनाचं लक्ष होतं. तो आपली पत्रावळ घेऊन बापाशेजारी येऊन बसला.

"आबा, जरा मीठ बघता का? मला अंदाजच न्हाई आज."

लालासाहेबांनी त्याच्याकडं बघितलं. मग अर्जुनाच्या पत्रावळीवरच्या बरगडीचं एक बोट मांस तोडलं. तोंड थोडंच हललं.

"बरं हाय." पुन्हा बोट. "ह्ये आंबूस कशापायी?"

"कवठ, आबा. चरबी जड वाटत न्हाई त्यानं."

"हं. एका घासात मीठ कळत न्हाई मला."

हाड पांढरं झालं. अर्जुनानं न विचारता दुसरी बरगडी आणली, कवठ जरा जास्त घातलं.

"आबा," पलीकडून गुंडा ओरडला, "बंदूक धरून धरून ह्येचा हात लय बसलाय बगा!"

भावकी हसली. लालासाहेब हसले नाहीत. त्यांनी बोटं चाटली.

"कसली बंदूक? सैपाकी हुता त्यो," ते म्हणाले, सगळ्यांना ऐकू जाईल असं. "भाकरी सरकव हिकडं, अर्जुना."

भरती होण्याआधी अर्जुनानं कधी चूल पेटवली नव्हती.