डुगडुगणारी फळी

मित्रांनो, मी डुगडुगते आणि याचा मला अभिमान आहे. मोठ्या परातीएवढी गोल लाकडी फळी आणि तिच्या पोटाखाली अर्धा लाकडी चेंडू, एवढाच माझा देह. माझ्यावर कोणी उभे राहिले की मी कधी पुढे कलते, कधी बाजूला.

खेळाडूंच्या दुखापतींवर उपचार करणाऱ्या ताईंनी मला एका सुताराकडून बनवून घेतले. पहिल्या खेपेला त्याने माझा चेंडू तळाशी चांगला सपाट तासला.

"अहो ताई, माझ्या हातची वस्तू डुगडुगली तर लोक तोंडात शेण घालतील!"

"डुगडुगली नाही तर मी परत घेऊन येईन," ताई म्हणाल्या.

त्याने नाइलाजाने चेंडू गोल केला आणि मला ताईंच्या हाती देताना हळूच सांगितले, "कुणी केली ते मात्र बोलू नका."

ताईंची उपचारखोली मैदानाला लागूनच आहे. तिथे बर्फाची पेटी होती, गरम पाण्याच्या टाकीत शेकाच्या पिशव्या होत्या आणि मंद वीजप्रवाह देणारे एक यंत्रही होते. त्यांचा थाट विचारू नका! शेकाची पिशवी पाठीवर ठेवली की खेळाडू डोळे मिटून "आहाहा!" म्हणत. माझ्यावर चढताना कोणी आहाहा म्हटल्याचे मला आठवत नाही. काम नसेल तेव्हा मी कपाटाखाली धूळ खात पडे. वाऱ्याने दार आपटू लागले, की टेकण म्हणून माझी आठवण होई.

अशा दिवसांत एक उंच मुलगी लंगडत आली. व्हॉलीबॉलच्या संघात तिला सगळे 'शिडी' म्हणत. उडी मारून खाली येताना तिचा उजवा घोटा मुरगळला होता. याच घोट्याने गेल्या वर्षी ऐन निवड सामन्यात तिला दगा दिला होता. यंदाचा निवड सामना तिच्या वयोगटातला शेवटचा होता.

बर्फाने सूज उतरली, यंत्राने दुखणे शांत केले. शिडी आनंदाने टुणटुण उड्या मारू लागली. तिचे प्रशिक्षक सर तिला न्यायलाच आले.

"सूज नाही, दुखत नाही. आता काय मुहूर्त काढायचाय का?" सरांनी विचारले.

ताईंनी मला कपाटाखालून ओढले. "डाव्या पायावर उभी राहा. आता डोळे मीट."

शिडी जरा हलली, पण टिकली. मग उजवा पाय. डोळे मिटतात न मिटतात तोच तिने सरांचा खांदा गच्च पकडला.

"मेली ही फळीच वाकडी आहे!"

"मघाशी सरळ होती ना?" ताई म्हणाल्या.

मित्रांनो, पाय कसा टेकला आहे याची खबर मेंदूला देणारे बारीक मज्जातंतू घोट्यात असतात. घोटा मुरगळला की तेही दुखावतात. दुखणे थांबते, पण खबर उशिरा पोहोचते आणि तोवर पाय पुन्हा वळलेला असतो. ती खबर वेळेवर पोहोचवायला शिकवणे हे माझे काम.

"ताई, यंदा नाही तर कधीच नाही," शिडीचे डोळे भरून आले.

"म्हणूनच. फळीवर स्थिर झालीस तर खेळशील. नाहीतर मी हो म्हणणार नाही."

सर कपाळाला आठ्या घालून निघून गेले. दुसऱ्या दिवशी मात्र तेच चेंडू घेऊन हजर!

आधी भिंतीला धरून दोन्ही पायांवर, मग हात सोडून, मग एकट्या उजव्या पायावर. ते जमू लागल्यावर सर समोरून चेंडू टाकू लागले.

"अगं, झाडासारखी उभी राहा!"

"सर, झाडाला कुणी चेंडू फेकून मारत नाही!"

ती चिडली, रडली, एकदा तर मला लाथही मारली. मी मागे हटले नाही. शेवटी ती उजव्या पायावर डोळे मिटून उभी राहिली. मी होते नव्हते ते कसब पणाला लावले, पण ती उतरली नाही.

"जा, खेळ," ताई म्हणाल्या.

निवड सामन्याच्या दिवशी सरावासाठी मलाही नेले होते. मी कडेच्या बाकाखालून पाहत होते. शिडी जाळ्यापाशी उंच उडाली आणि खाली येताना तिचा उजवा पाय नेमका समोरच्या खेळाडूच्या बुटावर पडला. घोटा कलला. ताई अर्ध्या उठल्या. पण पापणी लवायच्या आत पाय सरळ झाला आणि शिडी पुढच्या चेंडूमागे धावलीसुद्धा. कोणी टाळी वाजवली नाही. वाजवण्यासारखे काही घडलेच नव्हते!

तिची निवड झाली. ताईंनी विचारले, "मघाशी जाळ्यापाशी पाय वळला, कळलं का तुला?"

तोंडातले पाणी कसेबसे गिळत शिडी म्हणाली, "कधी?"

त्या 'कधी?'एवढे कौतुक माझे आजवर कोणी केलेले नाही.

म्हणून सांगते मित्रांनो, पाय मुरगळला तर जाणत्यांकडून उपचार करून घ्या, बर्फाचे आणि यंत्राचे आभार माना, पण दुखणे थांबले म्हणून लगेच मैदानात धावू नका. आधी माझ्यावर या. मी तुम्हाला हलवीन, रडकुंडीला आणीन. रागावू नका. तोल जायचाच असेल तर तो माझ्यावर जाऊ द्या. मी जमिनीपासून जेमतेम वीतभर उंच आहे.