केसभर उंच

दादा दातांचा डॉक्टर आणि मी डॉक्टरांना दातांच्या कॅप बनवून देणारा कारागीर. खरं तर एकमेकांवाचून आमचं अडायला हवं होतं, पण चार वर्षं आमच्यातून विस्तव जात नव्हता. बाबांच्या आजारपणात कोण कमी पडलं, यावरून आम्ही तोंडाला येईल ते बोललो होतो.

मग दादाने आईच्या दाढेचं रूट कॅनाल केलं आणि कॅपचं माप माझ्याकडे पाठवलं. हट्ट आईनेच धरला असणार. एरवी मी कॅप किंचित बुटकी ठेवतो, म्हणजे डॉक्टरला घासत बसावं लागत नाही. पण ही आईची होती. तिचे कंगोरे मी खऱ्या दाढेसारखे ठसठशीत घडवले. म्हटलं, दादालाही कळू दे धाकट्याचा हात कसा आहे ते.

दादाने कॅप बसवल्यावर तीन आठवड्यांनी आईकडे गेलो, तर ती सफरचंद किसून खात होती. तेही एकाच बाजूने.

"दाढ दुखतेय?"

"छे! मेलेल्या दाढेला कसलं आलंय दुखणं?"

मी तिच्या गालाला नुसतं बोट लावलं, तर डोळ्यांत टचकन पाणी आलं.

"दादाला का नाही सांगितलंस?"

"काय सांगू? तो म्हणणार कॅप वाईट, तू म्हणणार त्याने नीट बसवली नाही. आपलेच दात, आपलेच ओठ. बोल कुणाला लावू?"

मला स्वतःची लाज वाटली. तिला घेऊन तसाच दादाच्या दवाखान्यात गेलो.

दादाने निळा कागद तिच्या दाढांमध्ये धरला. "चाव, आई." कॅपच्या एका कंगोऱ्यावर गडद ठिपका उमटला.

"केसभर उंच आहे," मी म्हणालो. "हौसेपायी मीच ठेवली."

"आणि मी जबडा बधिर असताना विचारलं, ठीक वाटतंय का म्हणून," दादा म्हणाला. "दुसऱ्या दिवशी परत बोलवायला हवं होतं."

त्याने कंगोरा घासला. दोन मिनिटांचं काम. एकवीस दिवस ती कळ सोसत होती आणि तोंडातून ब्र काढत नव्हती.

"आता चाव. दुखतंय?"

आईने दात मिटून पाहिले, पुन्हा मिटले. आम्ही दोघं तिच्यावर वाकलो होतो. तिने आधी त्याच्याकडे पाहिलं, मग माझ्याकडे.

"नाही दुखत," ती म्हणाली आणि तिने माझं मनगट घट्ट धरलं. "म्हणजे आता तू इकडे यायचा नाहीस का रे?"