कासवाचे पगारी रखवालदार

प्राणी-आश्रय चालवणाऱ्या मावशींच्या भाच्याने देणगीच्या पावतीवर एक ओळ छापून घेतली होती : 'आपली देणगी केवळ आपण निवडलेल्या प्राण्यावरच खर्च होईल.' देणगीदारांचा विश्वास बसावा, हा त्याचा हेतू. विश्वास बसला, परंतु तो सगळाच्या सगळा कासवावर बसला. फुटलेल्या पाठीला पट्टी बांधलेल्या कासवाचे छायाचित्र पाहून लोकांनी चार लाख दिले. एकोणीस कुत्र्यांच्या वाट्याला नऊशे आले.

कासव दिवसाला कोबीची दोन पाने खाई. कुत्र्यांच्या पोत्यात उद्यापुरतेच खाद्य उरले होते.

"कासवाच्या पैशातून कुत्र्यांना घालता येणार नाही," हिशेब तपासायला आलेले ऑडिटर म्हणाले. "घातलंत तर नोंदणी रद्द. तुमचीच पावती आहे, मावशी."

मावशींनी भाच्याकडे पाहिले. "त्या जागी वेलबुट्टी छापली असतीस तर काय बिघडलं असतं रे?"

भाचा पावतीपुस्तक चाळत राहिला.

"कासवाच्या पैशातून घेता काय येतं?" मावशींनी विचारले.

"त्याच्या हिताचं काहीही."

"रखवालदार?"

ऑडिटरांनी नियमावली काढली. "चालेल. पण धोका दाखवावा लागेल. कासवाला भीती कुणाची?"

"कुत्र्यांची," भाचा म्हणाला.

"किती?"

"एकोणीस."

"मग रखवालदारही तेवढेच लागतील," ऑडिटर म्हणाले आणि त्यांनी पेनाचे टोपण काढले.

नेमणूकपत्रे तयार झाली. वेतन : दोन वेळचे खाणे. एकेकाचा पंजा शाईच्या गादीवर टेकवून ठसा घेतला गेला. एक पत्र ऑडिटरांनी परत केले.

"हे पिल्लू अल्पवयीन आहे."

"शिकाऊ म्हणून घ्या."

"आणि ही लंगडी?"

"तिला बैठं काम आहे."

"ठीक. आता मालकाची सही."

शाईत पाय बुडवलेले कासव कागदांच्या चळतीवर ठेवताच त्याने डोके आणि पाय आत ओढून घेतले. चाळीस मिनिटे गेली. मावशी पोत्याकडे पाहत होत्या. अखेर ऑडिटर उठले, त्यांनी कोबीचे एक पान आणून टेबलाच्या दुसऱ्या टोकाला ठेवले. कासव निघाले आणि वरच्या कागदावर चार पायांची तिरपी ओळ उमटली.

"सही लांबलचक आहे," ऑडिटर म्हणाले, "पण चालेल. एकच आक्षेप. रखवालदार कामावर झोपलेले आढळले."

"पगार कापायचा?"

"नको. समज द्या."

मावशींनी पोते उघडले. एकोणीसही रखवालदार तत्काळ जागे झाले.